एका सहीची स्मारके

स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुतळा उभा राहतो, नाही तर एखादी समाधी, नाही तर कोनशिला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र ‘राष्ट्रीय स्मारक’ हा शब्द जमिनीला लावतात. डोंगर, दऱ्या, वाळवंट, कड्याकपारींतली ओसाड घरे, या साऱ्यांना तेथे राष्ट्रीय स्मारक म्हणता येते. बेअर्स इअर्स नावाचे जे स्मारक गेल्या काही वर्षांत गाजले, ते आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही थोडे मोठे आहे. हा शब्दाचा घोळ आरंभीच निस्तरलेला बरा, कारण व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्याच युनियनच्या एका जुन्या सभासदाने आम्हांला विचारले, “भाऊ, पुतळे ठेवायचे की हलवायचे यावर तुम्ही काय बोलणार?” पुतळ्यांवर आम्ही बोलणार नाही. जमिनीवर बोलणार आहोत, आणि जमीन हा कामगाराचा विषय नव्हे असे ज्यांना वाटते त्यांनी थोडा धीर धरावा.

अमेरिकेच्या एकंदर भूमीपैकी चौथ्या हिश्श्याहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे ६४ कोटी एकर जमीन मध्यवर्ती सरकारच्या मालकीची आहे. पूर्वेकडील राज्यांत ती नावालाच आढळते. पश्चिमेकडे, युटासारख्या राज्यात, तीन भागांपैकी जवळजवळ दोन भाग सरकारचे आहेत. ती सरकारकडे कशी आली हे सांगताना तिकडचे ग्रंथकार खरेदी, तह, युद्ध असे शब्द वापरतात. अमुक मुलूख फ्रान्सकडून विकत घेतला, तमुक मेक्सिकोकडून लढून घेतला. पण ज्यांच्याकडून तो खरोखर घेतला त्या आदिवासी जमाती ना फ्रेंच होत्या ना मेक्सिकन. त्यांना हटवून जमीन मोकळी केली. मग ती वसाहत करणाऱ्या शेतकऱ्यांना, रेल्वे कंपन्यांना, खाणवाल्यांना वाटली. आणि जेथे पाणी नाही, नांगर चालत नाही, म्हणून जी कोणी मागितली नाही, ती सरकारच्या नावावर राहिली. आजचे भांडण बहुतांशी या न मागितलेल्या जमिनीचे आहे. पुढे तिच्या पोटात कोळसा आणि युरेनियम निघाले, हा नशिबाचा खेळ.

ज्या कायद्यातून ही स्मारके निर्माण होतात तो १९०६ सालचा आहे. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९०४ मध्ये, आपल्याकडे कर्झनच्या अमदानीत प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला होता. दोन्हीकडे निमित्त सारखेच होते, जुन्या वस्तूंची लूट. १८८८ च्या डिसेंबरात कोलोरॅडोमधील रिचर्ड वेदरिल नावाचा गुराखी हरवलेली जनावरे शोधत मेसा व्हर्डे पठारावर गेला आणि समोरच्या कड्याच्या पोटात दगडी घरांचे एक अख्खे गाव त्याला दिसले. घरे शेकडो वर्षे ओस होती. मडकी, सपाता, विणलेल्या टोपल्या जागच्या जागी होत्या. ‘सापडले’ असे आपण म्हणतो. तेथील यूट लोकांना ती घरे ठाऊक होती. १८९१ मध्ये गुस्ताफ नॉर्डेनशल्ड हा स्वीडनचा तरुण तेथे येऊन धडला. त्याने पद्धतशीर उकरले, टिपणे घेतली, छायाचित्रे काढली आणि गाडीभर पेट्या घेऊन निघाला. ड्युरँगो गावी त्याला अटक झाली. पण कोणत्या गुन्ह्याखाली? मडकी नेऊ नयेत असा कायदाच नव्हता. त्याला सोडावे लागले, आणि पेट्या गेल्या त्या अखेर फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात स्थिरावल्या. त्यांत माणसांच्या अस्थीही होत्या. त्या अस्थी त्यांच्या वंशजांच्या स्वाधीन होण्यास २०२० साल उजाडावे लागले.

पुढे एडगर ह्यूवेट या पुरातत्त्वाच्या अभ्यासकाने मसुदा लिहिला, आयोवाचे प्रतिनिधी जॉन लेसी यांनी तो काँग्रेसमधून पार पाडला आणि ८ जून १९०६ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची त्यावर सही झाली. कायदा एवढासा आहे. सरकारी जमिनीवर ऐतिहासिक वा शास्त्रीय महत्त्वाची जी वस्तू असेल तिला अध्यक्षाने जाहीरनामा काढून राष्ट्रीय स्मारक ठरवावे. आणि त्या वस्तूची नीट निगा राखण्यास पुरेल अशी लहानात लहान जागा त्यासाठी राखावी. काँग्रेसचा ठराव नको, जनतेची सुनावणी नको, राज्याची संमती नको. अध्यक्षाची एक सही. आधीच्या काही मसुद्यांत ३२० एकर, ६४० एकर अशी मर्यादा घातली होती. ती अखेरच्या मसुद्यातून गळली आणि तिच्या जागी ‘लहानात लहान’ हे शब्द आले. लहान म्हणजे किती? गेली शंभरावर वर्षे अमेरिकेतील वकिलांची घरे या एका शब्दावर चालली आहेत.

येथे आमची एक जुनी हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. तिसेक वर्षांपूर्वी आम्ही एका कारखान्यात मदतनीस म्हणून लागलो होतो. रात्रपाळी सुटली की स्टेशनपर्यंत पाऊण तास पायपीट. नवा व्यवस्थापक आला, माणूस दिलदार होता. त्याने रात्रपाळीला बस सुरू केली. नोटीस बोर्डावर कागद लागला, खाली त्याची सही. आम्ही पेढे वाटले. युनियनचे वयोवृद्ध चिटणीस तेवढे गप्प होते. पेढा हातात धरून त्यांनी विचारले, “करारात आलं का?” कोणी लक्ष दिले नाही. चार वर्षांनी व्यवस्थापक बदलला आणि त्याच बोर्डावर, त्याच पिनांनी, दुसरा कागद लागला. त्यावरही एकच सही होती. आम्ही चिडलो, ओरडलो. पण ज्या सहीने बस आली तिला आम्ही आक्षेप घेतला नव्हता, मग जिने गेली तिला कोणत्या तोंडाने घेणार? पुढे सार्वजनिक वाचनालयात शब्दकोश शेजारी घेऊन अमेरिकेच्या जमिनीचा इतिहास वाचताना हा नोटीस बोर्ड आमच्या नजरेपुढून हलला नाही. वाचकांनी आमचे पुढील विवेचन या बोर्डाची आठवण ठेवून वाचावे; त्यात आमचा पक्षपात असेल तर तो येथूनच आला आहे.

रूझवेल्ट यांनी पहिले स्मारक केले ते वायोमिंगमधील डेव्हिल्स टॉवर, १९०६ च्या सप्टेंबरात. सुमारे साडेअकराशे एकर. येथवर ‘लहान’ या शब्दाला कोणी हरकत घेण्याजोगे काही नव्हते. पण ११ जानेवारी १९०८ रोजी त्यांनी ग्रँड कॅन्यनची दरी आठ लाखांहून अधिक एकरांसह स्मारक ठरवली. तेथे राल्फ कॅमेरॉन नावाचा एक वस्ताद बसला होता. दरीत उतरणाऱ्या पायवाटेवर आणि तिच्या आजूबाजूला त्याने खाणीचे हक्क नोंदवून ठेवले होते. खाणीत काही निघो न निघो, वाटेने घोड्यावरून उतरणाऱ्या प्रत्येकाकडून तो एकेक डॉलर मात्र वसूल करी. ‘खाण’ हा शब्द कशाकशाचा बुरखा होऊ शकतो याचा हा नमुना आहे. सरकारने त्याला खेचले, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२० मध्ये हरला. एवढी मोठी दरी ही ‘शास्त्रीय महत्त्वाची वस्तू’ होऊ शकते असे न्यायालयाने म्हटले, आणि तेव्हापासून मोठ्या स्मारकांचा पाया त्या निकालावर उभा आहे. त्याच वर्षी ॲरिझोनाच्या मतदारांनी कॅमेरॉनला सिनेटमध्ये निवडून दिले!

पण आम्हांला कॅमेरॉनपेक्षा दरीतल्या हवासुपाई लोकांची आठवण अधिक ठेवावीशी वाटते. त्या वाटेवर पाण्याच्या झऱ्यापाशी त्यांची शेती होती. दरी राष्ट्राची झाली, १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली, आणि प्रवाशांच्या सोयीआड येणारे हे लोक तेथून काढले गेले. अखेरचा माणूस १९२८ मध्ये. सुमारे १,८५,००० एकर त्यांना परत मिळाले ते १९७५ च्या कायद्याने. कॅमेरॉनविरुद्ध निसर्ग जिंकला असे म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ही बाजू क्वचितच येते. संरक्षण हा शब्दही बुरखा होऊ शकतो.

स्मारक लहान करण्याची रीतही जुनीच आहे. वॉशिंग्टन राज्यातील माउंट ऑलिंपसचे स्मारक वुड्रो विल्सन यांनी १९१५ मध्ये जवळजवळ निम्म्याने कापले. तेथील लाकडावर पुष्कळांचा डोळा होता. न्यायालयात कोणी गेले नाही. १९३८ मध्ये ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी असे मत दिले की कायद्याने अध्यक्षाला स्मारक करण्याचा अधिकार दिला आहे, मोडण्याचा नव्हे. ते काम काँग्रेसचे. कमी करण्याविषयी मात्र त्यांनी फारसे खोलात जाण्याचे टाळले. आधीच्या अध्यक्षांनी तसे केले आहे एवढी नोंद करून ते पुढे गेले. ही एवढीशी फट ऐंशी वर्षांनी केवढी रुंदावली ते पुढे येईलच.

आता जॅक्सन होल. वायोमिंगमधील या खोऱ्याची कथा आम्हांला विशेष रुचते, कारण तिच्यात एक जुने ओळखीचे गृहस्थ भेटतात. धाकटे जॉन रॉकफेलर यांनी १९२७ पासून एका वेगळ्या नावाच्या कंपनीमार्फत तेथील शेते गुपचूप खरेदी केली. खरेदीदार कोण हे शेतकऱ्यांना ठाऊक नव्हते. तीस हजारांहून अधिक एकर झाले. ते राष्ट्राला दान द्यायचे, तर वायोमिंगचे राजकारणी घेऊ देईनात. पंधरा वर्षे गेली. अखेर घेत नसाल तर विकून टाकतो, असे रॉकफेलर यांनी सरकारला कळवले, आणि १५ मार्च १९४३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी दोन लाखांहून अधिक एकरांचे स्मारक जाहीर केले. त्या मे महिन्यात स्थानिक पशुपालकांनी पाचशेहून अधिक गुरे स्मारकातून हाकत नेली. पुढे वॉलेस बीरी हा सिनेमातला नट बंदूक घेऊन घोड्यावर. काँग्रेसने स्मारक रद्द करण्याचे विधेयक संमत केले, रूझवेल्ट यांनी ते सहीवाचून मरू दिले. १९५० मध्ये तडजोड झाली. बहुतेक भाग ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानात गेला आणि वायोमिंगमध्ये यापुढे काँग्रेसच्या संमतीवाचून स्मारक करू नये असे कायद्यात लिहिले गेले. त्या गुरांच्या मोर्चातले क्लिफर्ड हॅन्सन पुढे राज्याचे गव्हर्नर आणि सिनेटर झाले, आणि आपण त्या लढ्यात हरलो हे बरेच झाले असे उतारवयात मोकळेपणाने सांगत.

आता ते ओळखीचे गृहस्थ. जॅक्सन होलची शेते घेण्याआधी तेरा वर्षे, २० एप्रिल १९१४ रोजी, कोलोरॅडोमधील लडलो येथे संपावर असलेल्या कोळसा कामगारांच्या तंबूंवर राज्याच्या सैनिकांनी आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी हल्ला केला, तंबू जाळले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुले धुराने गुदमरून मेली. ज्या कंपनीविरुद्ध संप होता त्यांतली मुख्य कंपनी रॉकफेलर घराण्याच्या ताब्यात होती आणि धाकटे रॉकफेलर तिच्या संचालक मंडळावर होते. टेटनच्या शिखरांवर सूर्य मावळताना पाहणाऱ्या प्रवाशाला हे सांगण्यात अर्थ नाही. शिखरांचा त्यात दोष नाही. पण एका राष्ट्राने कोणती जमीन कोणाच्या पैशाने जपली आणि कोणती विसरू दिली, याची नोंद कोठे तरी व्हावी. लडलोकडे आम्ही शेवटी पुन्हा येऊ.

अलास्काची गोष्ट मोठी असून लवकर सांगण्यासारखी आहे. जिमी कार्टर यांनी १ डिसेंबर १९७८ रोजी एका दिवसात १७ स्मारके जाहीर केली, सुमारे साडेपाच कोटी एकर. दोन वर्षांनी काँग्रेसने त्या भूमीसाठी सविस्तर कायदा केला आणि अलास्कापुरता अध्यक्षाचा हात ५,००० एकरांवर बांधला. म्हणजे सही आधी, करार मागाहून. पण करार झाला. तो आजही टिकून आहे.

युटात करार झाला नाही. १८ सप्टेंबर १९९६ रोजी बिल क्लिंटन यांनी ग्रँड स्टेअरकेस–एस्कलांटे हे सतरा लाख एकरांचे स्मारक जाहीर केले. स्मारक युटात, समारंभ मात्र शेजारच्या ॲरिझोनात, ग्रँड कॅन्यनच्या कडेला! युटाच्या लोकप्रतिनिधींना वर्तमानपत्रांत बातमी फुटल्यावर कळले. निवडणूक दीड महिन्यावर होती. १९९२ च्या निवडणुकीत याच युटात क्लिंटन तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले होते, तेव्हा तेथे गमावण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते. बाहेरच्या निसर्गप्रेमी मतदारांत मात्र कमावण्यासारखे पुष्कळ होते. कॅनॅब गावी लोकांनी काळे फुगे सोडले. एस्कलांटे गावी अध्यक्षांच्या प्रतिमा फासावर लटकवल्या.

या माणसांना अडाणी, निसर्गद्वेष्टी म्हणून सोडून देणे सोपे आहे. पुष्कळांनी ते केलेही. आम्ही तसे करणार नाही. स्मारकाच्या मध्यभागी कायपारोविट्स नावाचे पठार आहे आणि त्याच्या पोटात अब्जावधी टन कोळसा. १९७० च्या दशकात तेथे प्रचंड वीजकेंद्र होणार होते. विरोध झाला, खर्च वाढला आणि १९७६ मध्ये कंपनीने योजना सोडली. तेव्हा कॅनॅबकरांनी विरोधकांत पुढे असलेला नट रॉबर्ट रेडफर्ड याची प्रतिमा जाळली होती. वीस वर्षांनी परदेशी मालकीच्या एका कंपनीने तेथे खाण काढण्याची तयारी केली, तो हे स्मारक आले. आणि जाहीरनाम्याच्या समारंभाला तेच रेडफर्ड हजर! एका पिढीत दोनदा तोंडाशी आलेला घास गेला, अशी त्या गावांची भावना झाली तर तिला आम्ही खोटी म्हणणार नाही. मुले गाव सोडून जातात, शाळेत पट घटतो, हे दुःख आम्ही आमच्याकडच्या बंद पडलेल्या औद्योगिक वसाहतींत पाहिले आहे.

शाळेचा प्रश्न तर आणखी गुंतागुंतीचा होता. युटा राज्य झाले तेव्हा दर ३६ चौरस मैलांतील चार चौरस मैल शाळांच्या खर्चासाठी राज्याला तोडून दिले होते. नकाशावर ही जमीन बुद्धिबळाच्या पटावर विखुरलेल्या सोंगट्यांसारखी दिसते. स्मारकाने त्या सोंगट्या चहूकडून वेढल्या. म्हणजे कोळसा न निघाल्याने कंपनीचे जे व्हायचे ते होवो, शाळेच्या निधीचेही नुकसान होणार होते. यावर घोषणांनी नव्हे, वाटाघाटींनी तोड निघाली. १९९८ च्या कायद्याने राज्याने स्मारकातील जमीन सोडली आणि बदल्यात दुसरीकडची जमीन व पाच कोटी डॉलर रोख घेतले. कोळशाचे पट्टेही सरकारने भरपाई देऊन परत घेतले. गुरे चारण्याचे परवाने चालू राहिले. कंपनीला भरपाई मिळाली, शाळांना मिळाली. ज्या खाणीत आपल्याला काम मिळेल अशा आशेवर जो तरुण कॅनॅबमध्ये थांबला होता, त्याच्या नावाने मात्र एकही रकाना नव्हता. प्रवासी येतील, हॉटेले निघतील, असे त्याला सांगितले गेले. प्रवासी आलेही. पण हंगामापुरते अंथरुणे झटकण्याचे काम आणि खाणकामगाराचा पगार यांतला फरक कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

बेअर्स इअर्सची कथा याच्या अगदी उलट बाजूने सुरू होते, म्हणून ती आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. युटाच्या आग्नेय कोपऱ्यात अस्वलाच्या दोन कानांसारखे दिसणारे दोन सुळके आहेत. भोवतालच्या दऱ्यांत जुनी घरे, धान्याची कोठारे, खडकांवरची चित्रे अशी स्थळे हजारोंनी मोजावी लागतात. २०१० पासून नवाहो कार्यकर्त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे जाऊन कोठे कोणती वनस्पती, कोठे कोणते देवस्थान, कोठे कोणाचे दफन, हे विचारून नकाशा तयार केला. २०१५ मध्ये नवाहो, होपी, झुनी आणि यूटांच्या दोन शाखा, अशा पाच जमातींनी संयुक्त आघाडी उभारली. या जमातींत आपसांत जुनी वैरे होती, हे लक्षात घेतले म्हणजे ती आघाडी बांधणाऱ्यांचे कौशल्य कळते. त्यांनी १९ लाख एकर मागितले. २८ डिसेंबर २०१६ रोजी बराक ओबामा यांनी साडेतेरा लाख दिले, आणि व्यवस्थापनात या पाच जमातींच्या प्रतिनिधींचा आयोग नेमला. येथे मागणी खालून वर गेली होती. पण शेवटी ती मिळाली तीही सहीनेच. तीही सत्ता सोडण्याआधी तीन आठवडे.

ही जमीन कोणत्या लोकांनी मागितली याचा विचार करताना युरेनियम विसरता येत नाही. १९४४ ते १९८६ या काळात नवाहो भूमीतून सुमारे तीन कोटी टन युरेनियमचे दगड काढले गेले. बॉम्ब करायचे होते. खाणीत हवा खेळती ठेवण्याची सोय नाही. माणसे धुळीतच जेवत, खडकातून झिरपणारे पाणी पीत, तेच कपडे अंगावर घेऊन लेकराबाळांत जात. १९५० पासून सरकारी आरोग्यखाते या कामगारांची तपासणी करीत होते; धोका काय आहे हे त्यांना सांगत नव्हते. फुप्फुसाच्या कर्करोगाने माणसे मेली. विधवांनी एकमेकींना गाठून, माहिती जमवून लढा उभारला, आणि नुकसानभरपाईचा कायदा झाला १९९० मध्ये. २०२४ च्या जूनमध्ये त्याची मुदत संपू दिली गेली. २०२५ च्या जुलैत तो पुन्हा अमलात आला. पाचशेहून अधिक सोडून दिलेल्या खाणी नवाहो भूमीत आहेत. ज्या लोकांनी रोजगाराच्या नावाने हे भोगले, त्यांनीच पुढे ‘ही जमीन राखा’ म्हणून अर्ज केला. तेव्हा स्मारक मागणारे म्हणजे शहरातले पोटभरू हौशी लोक, ही समजूत निदान येथे तरी टिकत नाही.

डोनाल्ड ट्रंप यांनी २०१७ च्या एप्रिलमध्ये २७ स्मारकांच्या फेरतपासणीचा हुकूम काढला. लोकांकडून लेखी मते मागवली. वीस लाखांहून अधिक आली. गृहखात्याचे सचिव रायन झिंकी यांनी आपल्या अहवालाच्या गोषवाऱ्यात कबूल केले की मते प्रचंड प्रमाणात स्मारके राखण्याच्या बाजूची आहेत. आणि लगेच पुढे म्हटले की ही संघटनांनी आखलेली देशव्यापी मोहीम दिसते. हे वाचताना आम्ही पुस्तक खाली ठेवले आणि मोठ्याने हसलो. मागणीपत्रावर नऊशे सह्या घेऊन गेले की आमचाही व्यवस्थापक हेच म्हणतो, “या सगळ्या युनियनने घडवून आणलेल्या सह्या आहेत.” मग त्या काय पावसाने घडवून आणाव्यात? एकट्याने आलेला माणूस हा किरकोळ तक्रारदार आणि मिळून आलेले लोक हे पढवलेले, असा हा न्याय आहे. दरम्यान स्मारकाची हद्द कमी करावी असे लिहिणाऱ्या एका युरेनियम कंपनीला मात्र कोणी पढवलेली म्हटले नाही.

४ डिसेंबर २०१७ रोजी ट्रंप यांनी युटाच्या राजधानीत दोन जाहीरनाम्यांवर सह्या केल्या. बेअर्स इअर्स सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झाले, साडेतेरा लाखांचे दोन लाख राहिले; ग्रँड स्टेअरकेस जवळजवळ निम्मे झाले आणि कोळशाच्या पठाराचा बराच भाग हद्दीबाहेर पडला. स्थानिकांना त्यांची जमीन परत केली, असे सांगण्यात आले. वस्तुतः जमीन पूर्वीही मध्यवर्ती सरकारची होती आणि नंतरही राहिली; बदलले ते तिच्यावर काय करता येईल एवढेच. आणि स्थानिक कोण? त्या सॅन वान परगण्यात निम्मी वस्ती आदिवासींची असताना तीन सभासदांच्या मंडळावर त्यांचे बहुमत कधी झाले नव्हते. न्यायालयाने मतदारसंघ नव्याने आखायला लावले, २०१८ मध्ये नवाहोंचे बहुमत प्रथमच आले, आणि मंडळाने आपली आधीची स्मारकविरोधी भूमिका लगोलग फिरवली. परगणा तोच, माणसे तीच. फक्त मोजणी नीट झाली.

आणि रोजगाराचे काय झाले? २०१८ च्या फेब्रुवारीत ती जमीन खाणींसाठी खुली झाली. फारशी झुंबड उडाली नाही. युरेनियमचा भाव पडलेला होता, कोळशाची वीजकेंद्रे एकामागून एक बंद होत होती. हद्द पुसल्याने खाण उघडत नाही, बाजाराने उघडते. हे कंपन्यांना आधीच ठाऊक होते. त्यांना हक्क हवा होता, पुढे कधी भाव चढला तर म्हणून. काम आत्ता हवे होते ते कॅनॅबच्या तरुणाला, आणि त्याच्या तोंडून मागणी वदवून घेतली गेली होती.

८ ऑक्टोबर २०२१ रोजी जो बायडन यांनी दोन्ही स्मारके पूर्ववत केली; २०२२ मध्ये पाच जमातींशी सहव्यवस्थापनाचा लेखी करारनामा झाला. युटाने २०२२ मध्ये दावा लावला, पुढल्या वर्षी तो खालच्या न्यायालयात फेटाळला गेला, राज्य वर अपिलात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांनी २०२१ मध्येच दुसऱ्या एका प्रकरणाच्या निमित्ताने ‘लहानात लहान’ या शब्दांकडे बोट दाखवून ठेवले होते. आणि २७ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या न्यायखात्याने कमिंग्ज यांचे १९३८ चे मत चुकीचे ठरवून असे लेखी मत दिले की अध्यक्षाला स्मारक समूळ रद्दही करता येते. १९१५ ची फट आता दरवाजा झाली.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर जमीन राखावी याच बाजूचे आम्ही आहोत. पण १९९६ च्या सहीला टाळ्या वाजवणारे आणि २०१७ च्या सहीने रडणारे यांच्यात आम्हांला बसता येत नाही. १९९८ ची शाळांची वाटाघाट, १९८० चा अलास्काचा कायदा, १९७५ चा हवासुपाईंचा कायदा यांवर कोणी चरित्रे लिहिली नाहीत. त्या मिळवायला वर्षे लागली, आणि त्या पुसायला कोणी सहज धजावले नाही.

याच कायद्याने कामगारांच्या जागाही स्मारके झाल्या आहेत. शिकागोजवळच्या पुलमन गावी १८९४ मध्ये रेल्वेडबे बांधणाऱ्या कंपनीने मजुरी कापली, पण स्वतःच्याच चाळींचे भाडे कमी केले नाही. संप झाला, यूजीन डेब्ज यांच्या युनियनने देशभरच्या गाड्या रोखल्या. अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी फौज पाठवली, डेब्ज तुरुंगात गेले. त्याच अध्यक्षांनी त्याच उन्हाळ्यात, २८ जून रोजी, कामगार दिनाच्या सुटीच्या कायद्यावर सही केली. १२१ वर्षांनी, १९ फेब्रुवारी २०१५ रोजी, ओबामा यांनी पुलमनला राष्ट्रीय स्मारक केले. त्यातली सरकारी मालकीची जागा अर्ध्या एकराहूनही कमी होती. ‘लहानात लहान’ या अटीवर येथे तरी कोणाला बोट ठेवता आले नसते. २०२२ मध्ये काँग्रेसने कायदा करून पुलमनला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा दिला, म्हणजे तेवढी जागा सहीच्या तावडीतून सुटली.

लडलोला कोणत्याही अध्यक्षाने राष्ट्रीय स्मारक केलेले नाही. तंबू जळाले ती जमीन खाणकामगारांच्या युनियनने स्वतः विकत घेतली आणि १९१८ मध्ये तेथे दगडी स्मारक उभारले: एक खाणकामगार, शेजारी मूल घेतलेली बाई. २००३ मध्ये रात्रीतून कोणी तरी त्या दोघांची डोकी तोडून नेली. युनियनने पैसे जमवले, मूर्ती दुरुस्त केल्या, २००५ मध्ये पुन्हा उभ्या केल्या. २००९ मध्ये सरकारने त्या जागेची ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंद केली. मालकी युनियनकडेच राहिली. दर वर्षी जूनमध्ये कामगार तेथे जमतात. ज्या खड्ड्यात त्या बायका आणि मुले गुदमरली तो बुजवलेला नाही. त्यावर लोखंडी झाकण आहे. ते उचलून पायऱ्यांनी खाली उतरता येते.